पत्र्याची शेड, गॅरेज, आउटहाउस: बांधण्याआधी काय बघायचं, परवानगी कशी काढायची

"चार अँगल उभे करायचे, वर पत्रा ठोकायचा. याला कसली आलीय परवानगी?" शेडचा दर विचारायला फॅब्रिकेटरकडे गेलात की हे वाक्य ऐकायला मिळतंच. त्याचं काय जातं? वेल्डिंगचे पैसे घेऊन तो मोकळा होतो. नोटीस येते ती जागेच्या मालकाला. तेव्हा पत्रा रंगीत घ्यायचा की साधा हे ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी एकदा बघून घ्या. नुकताच बंगला किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट घेतलेल्यांना आणि गावाकडच्या परड्यात काही उभं करायचं म्हणणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलंय.

आधी तो पत्र्याचा गैरसमज काढून टाकू. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, ती म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात आणि आर्किटेक्टकडे तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात इमारतीची व्याख्या फार रुंद आहे: कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही सामानाने उभी केलेली रचना, माणूस तिच्यात राहो न राहो. समारंभापुरता घातलेला मांडव, शामियाना, ताडपत्रीचा आडोसा एवढंच त्यातून सुटतं. मुख्य घरापासून सुटी असलेली गॅरेज, नोकराची खोली, सामानाची खोली यांची तर वेगळी व्याख्याच दिलेली आहे. पत्रा की स्लॅब, नट-बोल्ट की सिमेंट, यावरून सुटका होत नाही. रचना कुठे उभी आहे, किती जागा व्यापते आणि तिच्यात काय चालणार, हे तीन प्रश्न विचारले जातात. त्यातही निम्म्याहून जास्त भांडणं 'कुठे' या एकाच प्रश्नावरची असतात.

पहिली पायरी: अर्ज कोणाकडे करायचा ते ठरवा

शहरात महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत. मोठ्या शहरांच्या भोवती पीएमआरडीएसारखं (पुणे महानगर प्रदेशाचं) विकास प्राधिकरण. गावठाणात ग्रामपंचायत, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावठाणातल्या बांधकामाला तिची परवानगी लागते. गावठाणाबाहेर, कोणतंही प्राधिकरण नसलेल्या भागात जिल्हाधिकारी कार्यालय, आणि त्यांना अभिप्राय देणारी नगररचना शाखा.

मुंबईत असाल तर यूडीसीपीआर बाजूला ठेवा, तिथे 'डीसीपीआर २०३४' नावाची स्वतंत्र नियमावली चालते. एमआयडीसीतले प्लॉट, महाबळेश्वर-माथेरानसारख्या गिरिस्थान नगरपालिका आणि लोणावळा यांचेही नियम वेगळे. सिडकोचा प्लॉट असेल तर जमीन भाडेपट्ट्याने आहे हे विसरू नका. करारातल्या अटी महापालिकेच्या परवानगीखेरीज वेगळ्या पाळाव्या लागतात. खाजगी ले-आउटमध्येही खरेदीखतात किंवा सोसायटीच्या उपविधींत 'पुढच्या अंगणात बांधकाम करू नये' अशी ओळ बऱ्याचदा सापडते. खरेदीखत कपाटातून काढून पूर्ण वाचा.

दुसरी पायरी: झोन दाखला आणि भाग नकाशा

नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन थोडं शुल्क भरलं की झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळतो. दोन्ही घ्या. दाखल्यावर 'निवासी' असं लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. पण प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून आराखड्यातला रस्ता जातोय हे दिसतं ते नकाशावर, आणि शेड नेमकी मागच्याच कोपऱ्यात बांधायची असते.

नकाशा हातात आला की चार गोष्टी शोधा. जवळून राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग जात असेल तर इमारत रेषा (तिच्या रस्त्याकडच्या बाजूला बांधता येत नाही) आणि नियंत्रण रेषा (तिच्या आत बांधायला रस्ते खात्याची संमती लागते) कुठे पडते. रेल्वे असेल तर तिच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. नदी असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही, मग ते पत्र्याचं असो की विटांचं. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच घेण्यासारख्या अटींवर मिळतं. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ नंतर हे सांगायची गरज राहिलेली नाही.

कोकणात आणि खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर आहे. होमस्टेला जोडून 'नुसती पत्र्याची स्वयंपाकाची शेड' टाकणाऱ्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा.

तिसरी पायरी: मार्जिन. इथे वेळ द्या

प्लॉटच्या हद्दीपासून घराच्या भिंतीपर्यंत मोकळी सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर. बोलीत 'मार्जिन', पुढचं फ्रंट, बाजूचं साइड. किती सोडायचं हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि इमारतीची उंची यांवर ठरतं, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला लागू होईलच असं नाही. तुमचा आकडा तुमच्या मंजूर नकाशावर लिहिलेला आहे. तो नकाशा नसेल तर बिल्डरकडून, मूळ मालकाकडून किंवा पालिकेच्या अभिलेख विभागातून प्रत मिळवा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

मार्जिनमध्ये काय चालतं? पाण्याची जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, विहीर, ठराविक रुंदीचा छज्जा, मापात बसणारी वॉचमनची केबिन. गाडीही उघड्यावर लावता येते. पण त्याच गाडीवर चार खांबांचं छप्पर घातलं की प्रकरण बदलतं. बंगल्यांच्या कॉलनीत सगळ्यात जास्त तक्रारी याच छपरावरून होतात: साइड मार्जिनवर, घराची भिंत ते कंपाउंड अशी आडवी घातलेली पत्र्याची शेड. सगळ्या गल्लीत असते, म्हणून ती नियमात बसते असं वाटतं. बसत नाही. गल्लीतल्या एकाने दुसऱ्याची तक्रार केली की पाहणीला आलेला कनिष्ठ अभियंता सगळ्याच शेडचे फोटो काढून नेतो.

एक हिशेब करून बघू. समजा प्लॉट १० मीटर रुंद, १५ मीटर खोल. मंजूर नकाशात पुढे ३ मीटर, बाजूंना दीड-दीड आणि मागे दीड मीटर सोडायचं आहे. बांधता येण्याजोगा तुकडा उरतो ७ × १०.५, म्हणजे ७३.५ चौरस मीटर. घराचा तळमजला ७ × ८.५, म्हणजे ५९.५. उरले १४ चौरस मीटर. नियमावलीतली एका गाडीची जागा २.५ × ५, म्हणजे १२.५ चौरस मीटर. मग गॅरेज बसलं? नाही बसलं. ते १४ चौरस मीटर म्हणजे घराच्या मागची २ मीटर रुंदीची पट्टी आहे आणि गाडीला अडीच मीटर लागतात. शिवाय मागे गाडी न्यायची तर दीड मीटरच्या साइड मार्जिनमधून, तीही जात नाही. अशा प्लॉटवर गॅरेजचा विचार घराचा नकाशा काढतानाच करावा लागतो: तळमजल्यावर स्टिल्ट (भिंती नसलेली, नुसत्या खांबांवरची जागा) ठेवायचा, किंवा घराचाच एक कोपरा गाडीसाठी सोडायचा. नंतर जागा निर्माण होत नाही.

मोजायचं कसं, तेही सांगतो. कंपाउंडची भिंत हद्दीवरच असते असं धरू नका. भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत (हद्द दाखवणारा मोजणी नकाशा) आणि भिंत यांत हातभर फरक निघालेली कितीतरी उदाहरणं आहेत. मोजणीच्या खुणांवर दोन खुंट्या ठोकून दोरी ताणा आणि दोरीपासून टेप धरा. टेपचं दुसरं टोक खांबाला नको, पत्र्याच्या पागोळीला लावा. खांब आत असतो आणि पत्रा फूटभर बाहेर आलेला असतो. शेजाऱ्याच्या अंगणात पाणी पडतं ते त्या फुटामुळे. उतार आपल्याच बाजूला ठेवा, पन्हळ लावा, पाणी आपल्या जागेत उतरवा. शेजारच्या खिडकीचा उजेड अडत असेल तर आधीच बोलून घ्या. वीस वर्षं अखंड मिळत आलेल्या उजेडावर सुविधाधिकार कायद्याखाली हक्क सांगता येतो, आणि तो दावा दिवाणी न्यायालयात जातो. तिथे पालिकेची परवानगी दाखवून भागत नाही.

कोपऱ्यावरचा, दोन रस्त्यांना लागून असलेला प्लॉट असेल तर गॅरेज दोन्ही रस्त्यांच्या छेदापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे सगळ्यात आतल्या बाजूला न्यायचं. वळणावर दिसायला अडथळा नको आणि गाडी मागे घेताना चौकात यायला नको, एवढंच त्यामागे आहे.

चौथी पायरी: एफएसआय शिल्लक आहे का?

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा. दाट वस्तीबाहेरच्या प्लॉटला मूळ एफएसआय बहुतेक ठिकाणी १.१० मिळतो, आणि निवासी वापरासाठी त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य (प्रीमियम) भरून घेता येतो. वरच्या १५० चौरस मीटरच्या प्लॉटला मूळ १६५ चौरस मीटर मिळतील. घराने १६० वापरले असतील तर १२ चौरस मीटरच्या स्टोअररूमसाठी पैसे मोजावे लागणार. स्टिल्टखालचं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत; भिंती घातलेली स्टोअररूम धरतात. नकाशावर 'पार्किंग' दाखवून पुढे तीन बाजूंनी भिंत घालून ती खोली भाड्याने देणं हा फार जुना खेळ आहे आणि तपासणाऱ्यांना तो पाठ असतो.

फ्लॅटवाल्यांनी इथे एक फरक लक्षात घ्यावा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. उघडं पार्किंग गॅरेज होत नाही. स्टिल्टमधली जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. सोसायटीत मिळालेल्या पार्किंगला जाळी ठोकून 'माझं गॅरेज' करायला जाऊ नका.

पाचवी पायरी: वर बघा

विजेच्या तारा. छपरावरून किंवा शेजारून जाणाऱ्या तारांपासून अंतर सोडणं केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे. घरगुती दाबाच्या उघड्या तारांपासून उभं २.५ मीटर आणि आडवं १.२ मीटर. ११ केव्हीच्या तारांपासून उभं ३.७ मीटर, आडवं १.२ मीटर. ३३ केव्ही असेल तर आडवं २ मीटर. ही अंतरं बांधून झालेल्या शेडची. बांधताना सहा मीटरचा लोखंडी पाइप उभा करणारा माणूस याहून बराच वर पोचतो. तार जवळ असेल तर कामाच्या दिवशी महावितरणकडे अर्ज करून पुरवठा बंद करून घ्या.

गच्चीवरच्या शेडचंही इथेच सांगून टाकतो. गळती थांबवायला गच्चीवर कायमचा पत्रा घालणं हेही बांधकामच. पावसाळ्यापुरतं तात्पुरतं आच्छादन वेगळं, त्याला तात्पुरती परवानगी मिळू शकते. सौर पॅनेलला सवलत आहे: पॅनेलचा तळ गच्चीपासून १.८ मीटरच्या आत असेल आणि बांधकाम अभियंत्याचा दाखला असेल तर वेगळी परवानगी नको. त्या सवलतीचा आधार घेऊन पॅनेलखाली भिंती उभ्या केल्या की सवलत गेली. आणि पत्रा कुठेही घाला, जे-हुक (पत्रा अँगलला धरून ठेवणारे आकडे) पूर्ण संख्येने लावून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उडालेले पत्रे आठवा.

सहावी पायरी: अर्ज

कागद असे लागतात: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, एनए आदेश किंवा सनद, मूळ घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झालं, आता वापरा, असा पालिकेचा दाखला), मालमत्ता कराची भरलेली पावती, आणि नव्या रचनेचा नकाशा. नकाशा परवानाधारक अभियंत्याने किंवा आर्किटेक्टने काढलेला हवा. बहुतेक पालिकांत तो ऑनलाइन तेच दाखल करतात. त्यांची फी आधी ठरवून घ्या आणि पालिकेचं शुल्क तुम्ही स्वतः भरा, पावती तुमच्याकडे राहते.

छोट्या प्लॉटला बरीच सूट आहे. १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट कमी जोखमीचा समजला जातो. नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी ठरते. १५० ते ३०० चौरस मीटरमध्ये परवानाधारकाच्या प्रमाणपत्रावर प्रक्रिया लवकर होते. खेड्यांतही २०२१ पासून हाच धागा आहे: सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत मालकीचा कागद आणि अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा ग्रामपंचायतीत द्यायचा, ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी पुरते, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. 'परवानगी नको' याचा अर्थ 'नियम नको' असा काढू नका. मार्जिन तेवढंच सोडायचं असतं, फक्त ते सोडलंय याची सही आता तुमच्या अभियंत्याची असते.

नेहमीच्या अर्जावर प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. दिला नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं मानलं जातं, पण बांधकाम नियमात तंतोतंत बसत असेल तरच. या कलमाच्या भरवशावर खड्डे खणायला घेण्याआधी लेखी स्मरणपत्र द्या आणि पोच घ्या. अर्ज फेटाळला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील आहे. परवानगी मिळाली की ती एक वर्ष चालते, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचं. जोत्यापर्यंत काम आलं की जोतं तपासून घ्या. चूक असली तर ती इथे स्वस्तात सुधारते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, मग कराची नोंद.

शेतातली शेड

शेतकऱ्याला इथे खरी मोकळीक आहे. महसूल संहितेतली 'शेतघर' ही कल्पना अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायची जागा, जनावरांचा निवारा, शेतकऱ्याच्या कुटुंबाची किंवा गड्यांची राहायची सोय, एवढं सगळं पोटात घेते. शेतीला जोडून असलेल्या अशा बांधकामाला एनए करावं लागत नाही. शहरांच्या आसपासच्या ठराविक अंतरात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. यूडीसीपीआरमध्ये शेती विभागातल्या फार्महाउसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन हवी, ती प्रत्यक्ष लागवडीखाली हवी, एफएसआय ०.०३७५ आणि कमाल ४०० चौरस मीटर. एका एकराला म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर. 'पाच गुंठे घ्या, फार्महाउस बांधा' अशी जाहिरात दिसली की हा आकडा समोर ठेवून विचारा.

गोठ्याचं माप हवं असेल तर शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या २०२१ च्या शासन निर्णयातला नमुना उपयोगी पडतो: दोन ते सहा जनावरांना ७.७ × ३.५ मीटर, आत गव्हाण आणि मूत्र साठवायला २५० लिटरची टाकी. अनुदान घ्या किंवा घेऊ नका, माप विचारपूर्वक काढलेलं आहे. मात्र त्याच गोठ्यात पुढे टायरचं दुकान किंवा ढाबा निघाला की ते शेतघर राहत नाही. वापर बदलला की परवानगीही बदलते, आणि रस्त्याकडेच्या शेडवर तहसीलदारांची नजर आधी जाते.

आधीच बांधलेली असेल तर

विनापरवाना पण नियमात बसणारी शेड असेल तर नकाशा दाखल करून, तडजोड शुल्क भरून ती नियमित करून घेता येते. मार्जिनमध्ये असेल तर ती काढावी लागते. अभियंत्याची कितीही ओळख असली तरी मार्जिन वाढत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली तर गप्प बसू नका, दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. महापालिका हद्दीत अनधिकृत भागावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड बसू शकतो, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. 'आमच्या शेडला घरपट्टी लागते' हा बचाव इथेच पडतो.

गोव्यात जागा असलेल्यांना हे आकडे लागू नाहीत. तिथे २०१० ची जमीन विकास व बांधकाम नियमावली आहे. रूपांतर सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना असा क्रम असतो.

जुना बंगला विकत घेत असाल तर मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन एकदा घराभोवती चक्कर मारा. नकाशात नसलेली प्रत्येक शेड, खोली, जिन्याखालचा संडास टिपून ठेवा. बँकेचा मूल्यांकन करणारा त्या भागाची किंमत धरत नाही, त्यामुळे तुम्हीही धरू नका. मार्जिनमधली शेड विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, खरेदीखत होण्याआधी काढून द्यावी अशी अट विसार करारातच लिहून घ्या.